कापडाखालचं बोट

आमच्या मावशीचं रफू बघायला लोक यायचे आणि हिरमुसून परत जायचे. त्यांना वाटायचं, एवढं बारीक काम म्हणजे बाई डोळ्याला भिंग लावून कापडात नाक खुपसून बसली असेल. मावशी बसायची खिडकीकडे तोंड करून, नजर रस्त्यावर आणि तोंडाचा पट्टा चालू. समोरच्या घड्याळवाल्यांच्या दुकानात कोण शिरलं, कोण तणतणत बाहेर पडलं, हे ती मला आतून ओरडून सांगायची आणि तिकडे मांडीवरच्या कोटाचं भोक बुजत असायचं.

"बघून करतात ते शिवणकाम," ती म्हणायची. "रफू चाचपून करायचं."

माझी लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीचं टेबल, मागे मोरी आणि काउंटरच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला, मावशीची खोली. खोली कसली, एक खिडकी, एक खुर्ची आणि सुयांचा डबा. माझा स्वभाव तिरसट आहे, गिऱ्हाइकांशी माझं फारसं जमत नाही. निम्मे लोक माझ्या दुकानात केवळ मावशीमुळे येतात हे मला माहीत होतं आणि त्याचा मला रागही नव्हता. ठिगळ कोणीही लावतं. मावशी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि भोकावर पुन्हा कापड विणायची, एक धागा वरून, एक खालून. कपडा परत मिळाला की लोक उजेडाकडे धरून भोक शोधत बसायचे.

यात उजव्या हाताचं काम सोपं, असं तिचं म्हणणं. त्याने फक्त सुई ढकलायची. खरी करामत डाव्या तर्जनीची. ते बोट कापडाखाली असायचं. सुईचं टोक कुठल्या धाग्याखालून आलं, एखादा धागा सुटला का, ताण जास्त झाला का, हे सगळं त्या बोटाला तिथल्या तिथे कळायचं. ते बोट कसं ओळखतं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत? त्याचं ते बघतं. मी आपली रस्ता बघते."

मग एके दिवशी सकाळी मोरीत पाण्याचा काचेचा जग धुताना तो तिच्या हातात फुटला. डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला लागलं. रक्त आलं तशी मी धावले, एका गिऱ्हाइकाची धुतलेली चादर ओढून तिच्या हाताला गुंडाळली. जखम काही फार मोठी दिसत नव्हती. मी घाबरले ते तिच्या बोलण्याने.

"अगं, दुखत नाहीये," ती म्हणाली. "बोटं कुणाची तरी दुसऱ्याचीच वाटतायत."

दवाखान्यात हाताच्या डॉक्टरीणबाई होत्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला रोखठोक. त्यांनी मावशीला डोळे मिटायला लावून कापसाने एकेक बोट हळूच टिपलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही मुकी. करंगळी शाबूत. आणि अनामिका? अनामिकेची अंगठ्याकडची बाजू मुकी आणि करंगळीकडची बाजू जागी. एकाच बोटाच्या मधोमध सीमारेषा! मी स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. बाई म्हणाल्या, हाताकडे येणाऱ्या मुख्य नसा वेगवेगळ्या वाटांनी येतात, प्रत्येकीने आपापला इलाखा वाटून घेतलेला आहे, आणि त्यांची हद्द त्या बोटावरून जाते. तुटली होती ती मनगटाच्या मधली.

ती त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शिवली. मावशी शुद्धीवर आल्या आल्या पहिला प्रश्न काय विचारते? "धागा कुठला वापरलात?"

बाईंनी हसून दुसऱ्या दिवशी एक तुकडा आणून दाखवला. उजेडात विशिष्ट कोनात धरला तरच दिसत होता, केसाहून बारीक. मावशीने उजव्या चिमटीत तो धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "आपण हात टेकले बाई तुमच्यापुढे," ती म्हणाली. त्या दिवसापासून त्या दोघींचं मेतकूट जमलं.

भेटायला येणारे मात्र एकजात एकच बोलायचे. "डावाच हात ना? मग काय, उजवा आहे की!" मावशी मान डोलवायची. माझं डोकं फिरायचं. तिसऱ्या-चौथ्या पाहुण्याला मी तोंडावर सांगितलं की चहा संपलाय.

टाके काढायच्या दिवशी काका, म्हणजे मावशीचे यजमान, मी आणि ती, तिघं गेलो. काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनीच विचारलं, "हात पहिल्यासारखा होईल ना?"

डॉक्टरीणबाई उठून मावशीच्या मागे गेल्या आणि मानेच्या खालच्या मणक्याशेजारी बोट ठेवलं.

"इथे आत एक पेशी आहे. डोळ्याला दिसणार नाही एवढी. तिच्यातून एक धागा निघतो." त्यांचं बोट सरकू लागलं. खांद्याखालून, दंडाच्या आतून, कोपरासमोरून, मनगटावरच्या ताज्या वणावरून, तळहातातून, थेट तर्जनीच्या टोकापर्यंत. "इथपर्यंत. त्या एका पेशीचाच हा धागा. मध्ये जोड नाही."

"गाठसुद्धा नाही?" मावशीने विचारलं.

"नाही. आणि त्याचंच दुसरं टोक पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतं आणि वर मेंदूच्या दिशेने चढतं. असे हजारो धागे मिळून ती एक नस. काही बोटाची खबर वर नेतात, काही मेंदूचा हुकूम खाली स्नायूंना आणतात, काही नुसता घाम सोडायचं बघतात. तुमच्या तर्जनीखाली सुई आली, की ही खबर मणक्यापाशी, तिथून मेंदूत आणि मेंदूचा हुकूम परत हातात, हे सगळं पापणी लवायच्या आत होतं."

मावशी गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी क्वचितच पाहिलंय. मी माझ्या स्वतःच्या हाताकडे बघत बसले. आयुष्यभर या हाताने इस्त्री फिरवली, पिशव्या उचलल्या, भांडणात तो टेबलावर आपटला, आणि आत एवढा पसारा बिनबोभाट चाललेला आहे याचा मला पत्ता नव्हता. अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला सांगू. मग लक्षात आलं की काटा आणणारेही तेच धागे असणार.

"तुटल्यावर जखमेच्या पुढचा धागा मरतो," बाई म्हणाल्या. "पण त्याच्यावरचं वेष्टण राहतं. पायजम्याची नाडी निघून आली तरी नेफा जागच्या जागी असतो ना, तसं. मी फक्त नेफ्याला नेफा जोडलाय. नाडी आता जखमेपासून पुढे नव्याने वाढत जाईल, महिन्याला जेमतेम एक पेर. तिला घाई करता येत नाही. हजारो नेफ्यांत एखादी चुकीच्या नेफ्यातही शिरेल. म्हणून पहिल्यासारखं होईल असं वचन मी देत नाही."

परतताना बसमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत होती. "वर्षभर बघते," ती म्हणाली. "नाही जमलं तर खोली रिकामी करून देते. तू तिथे कपडे वाळवायचं मशीन टाक." आवाजात रडू नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं.

खोलीत तेव्हा खुंटीवर एकच काम लटकत होतं. समोरच्या घड्याळवाल्यांचा राखाडी लोकरी कोट. त्यांचे वडील शिंपी होते, त्यांनी स्वतः शिवलेला, आणि छातीच्या खिशाखाली कसरीने भोक पाडलं होतं. मी त्यांना म्हटलं, दुसरीकडे पाठवते. ते गृहस्थ कमालीचे घुमे. भिंग कपाळावर सरकवून म्हणाले, "राहू दे. हात काय म्हणतो ते बघू." आणि मग जाता-येता काउंटरवर डोकावून तेवढंच विचारू लागले, "हात काय म्हणतो?"

हात काहीच म्हणत नव्हता. मी पाहिलेली सगळ्यांत विचित्र गोष्ट मोरीत दिसली. मावशी हट्टाने रुमाल धुवायला बसायची. बराच वेळ पाण्यात राहिल्यावर उजव्या हाताची सगळी बोटं सुरकुतली, डाव्याची करंगळी सुरकुतली, आणि ती तीन बोटं मात्र गुळगुळीत, जशी कोरडीच आहेत. मला वाटायचं पाण्याने कातडी फुगते म्हणून सुरकुत्या पडतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते कामही नसांचंच. त्या आतल्या रक्तवाहिन्या आवळतात, मग कातडी आत ओढली जाते. नस नाही तर सुरकुती नाही. श्वास, काळजाचे ठोके, पोटातलं पचन, घाम, अशी कितीतरी कामं शरीर आपल्याला न विचारता उरकत असतं, त्यातलंच हे एक.

न विचारता म्हणजे काय ते मला लवकरच कळलं. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालता घालता माझी बोटं तापलेल्या इस्त्रीला लागली. हात मागे आला, मग चटका कळला, मग मी शिवी दिली, याच क्रमाने. मावशी दारात उभी राहून बघत होती.

"तुझा हात तुझ्या आधी हलला," ती म्हणाली.

खरंच होतं ते. नंतर बाईंनी सांगितलं, असा निरोप मणक्यातूनच परत फिरतो. मज्जारज्जू हाताला मागे ओढतो आणि मेंदूला मागाहून कळतं. मी बोटं नळाखाली धरून उभी होते आणि मावशी माझ्या भाजलेल्या बोटांकडे इतक्या हावरेपणाने बघत होती की मला हसावं की रडावं कळेना.

धीर धरणं तिला जमलं नाही. एका दुपारी मी कपडे पोचवून परत आले तर खोलीचं दार लोटलेलं. मावशी मान वाकवून, डोळे फाडून घड्याळवाल्यांच्या कोटावर काम करत होती. मुकी तर्जनी कापडाखाली, आणि तिच्या जागी डोळे कामाला लावलेले. मला बघून ती दचकली, कोट लपवायला गेली, आणि कोटाबरोबर तिचं बोटही गेलं. ते कोटाला शिवलेलं होतं. सुई कातडीतून आत-बाहेर जात राहिली होती आणि तिला गंधवार्ताही नव्हती. आयुष्यभर रफू करणाऱ्या बाईने स्वतःलाच कोटात विणून घेतलं होतं.

आधी आम्ही दोघी खोखो हसलो. मी कात्रीने एकेक धागा कापला. रक्ताचा एक ठिपका अस्तरावर पडला होता, तो गार पाण्याने काढला. मग मावशी भिंतीकडे तोंड करून रडली, हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. "मेलेलं बोट आहे गं हे," ती म्हणाली.

मी तो कोट पुन्हा खुंटीवर टांगला. घड्याळवाल्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "हात रुसलाय." ते म्हणाले, "बरं," आणि गेले.

काका मात्र चिवट निघाले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक युक्ती शिकवली होती. वणापासून पुढे बोटाने टकटक करत जायचं. जिथवर नवे धागे पोचले असतील तिथे टकटक केली की मुक्या बोटांत मुंग्या येतात. काका रोज सकाळी चहा झाला की मावशीचा हात मांडीवर घेऊन बसायचे आणि दार वाजवावं तशी टकटक करायचे.

"आल्या मुंग्या?"

"नाही."

"इथे?"

"नाही म्हटलं ना!"

आणि एके दिवशी तळहाताच्या मधोमध टकटक केली तर मावशी ओरडली, "आल्या! बोटात आल्या!" काका तसेच लॉन्ड्रीत आले, गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाले, "निम्मी वाट झाली." बस चालवणारा माणूस, वाटेचा हिशोब त्यांना बरोबर कळत होता. माझ्या समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईक बाईंना वाटलं काका गावाला निघालेत.

तिथून पुढे आम्ही त्या हातावर नजर ठेवून राहिलो. डोळ्याला न दिसणारे धागे, अंधारात, रिकाम्या नेफ्यांतून पुढे सरकतायत, कोणी ढकलत नाही, कोणी ओढत नाही, आणि त्यांना जायचं कुठे ते माहीत आहे, या कल्पनेने मला कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबायला व्हायचं. एवढं शहाणपण माझ्या आतही आहे म्हणे. बाहेर मात्र ते कधी दिसलं नाही, असं मावशी म्हणाली असती.

एक दिवस मोरीतून हाक आली. मी गेले तर तिने ओला हात माझ्या नाकासमोर धरला. अंगठ्यावर बारीक सुरकुती पडली होती. अगदी पुसट. सुरकुती बघून एवढी आनंदलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मग स्पर्श आला, पण तो भलतीकडेच. डोळे मिटलेले असताना तर्जनीला बोट लावलं तर मावशी म्हणायची, "मधलं." मधल्याला लावलं तर, "अंगठा?" मखमल बोटाखाली दिली तर म्हणाली, "वाळू आहे." ती घाबरली. डॉक्टरीणबाई अजिबात घाबरल्या नाहीत.

"काही धागे चुकीच्या नेफ्यातून आलेत," त्या म्हणाल्या. "मेंदूत प्रत्येक बोटाची ठरलेली जागा असते. जो धागा आधी मधल्या बोटाचा होता तो आता तर्जनीत उघडतोय, पण मेंदूला ते कोणी सांगितलेलं नाही. त्याला शिकवावं लागेल. डोळे उघडे ठेवून हात लावायचा, मग मिटून लावायचा. लहान मूल पटकन शिकतं, आपण सावकाश शिकतो. पण जिवंत आहे तोवर तो शिकतो."

आता काकांची शाळा सुरू झाली. बटणं, किल्ली, मखमल, खादी, पॉलिश पेपर, माझ्या दुकानातल्या चिंध्या. मावशीने डोळे मिटायचे आणि ओळखायचं. काका मास्तर म्हणून कुचकामी, कारण तिला येत नाही असं दिसलं की ते हळूच पुटपुटायचे, "गुळगुळीत आहे बरं का." मी त्यांना दोनदा हाकलून स्वतः बसले. मी कडक होते. मावशी चुकली की मी पुन्हा द्यायची, आणि ती मला काय काय बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. हळूहळू वाळूची मखमल झाली. खादी आणि लोकर वेगळी कळू लागली. मग एकदा तिने दोन लोकरी कापडांतलं जुनं कुठलं ते ओळखलं. मी दोन्ही उजेडात धरून पाहिली आणि मलाच ते ओळखता येईना.

तिने कोट खुंटीवरून काढला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. खोली रिकामी करायची गोष्ट तिने काढली नाही, मीही नाही. ती खुर्चीत बसली, तर्जनी कापडाखाली घातली आणि मान वाकवून कोटात बघत राहिली. पहिले काही दिवस आतून आवाजच नव्हता. दोन-तीन टाके, मग उसवणं. मी इस्त्री करत होते आणि माझं लक्ष सगळं त्या शांततेकडे होतं. मावशी गप्प आहे म्हणजे ती बघून करतेय. बघून करतेय म्हणजे बोट अजून सांगत नाहीये.

आणि मग एका सकाळी आतून आवाज आला. "अगं ऐकलंस का, घड्याळवाल्यांकडे एक बाई भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आलीय. दारातून आत जाईना तिचं!"

मी इस्त्री उभी केली. दारापर्यंत गेले. मावशी खिडकीबाहेर बघत होती, तोंड चालू होतं, आणि मांडीवर सुई चालली होती, सावकाश, पूर्वीच्या निम्म्याही वेगाने नाही, पण न अडखळता. मी परत जाऊन त्याच शर्टाला पुन्हा इस्त्री केली. डोळ्यांतलं पाणी शर्टावर पडलं तर वाफ होते, तेवढं एक बरं.

कोट तयार झाल्याचं मी समोर जाऊन सांगितलं. घड्याळवाले कपाळावरचं भिंग तसंच ठेवून आले. काउंटरवर कोट पसरला. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि खिशाखालचं कापड इंच-इंच तपासलं. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस. बराच वेळ गेला. मग भिंग वर सरकवून त्यांनी मावशीला विचारलं, "कुठे होतं?"

मावशीने डोळे मिटले. डावा हात कोटावर ठेवला आणि तर्जनी सावकाश फिरवत नेली. एका जागी ती थांबली.

"इथे," ती म्हणाली, आणि हसली. "सांगतंय मात्र मधलं बोट."

घड्याळवाल्यांनी त्या जागी आपलं बोट टेकवलं. ते उचलल्यावर मीही टेकवून पाहिलं. आम्हा दोघांनाही नुसतं कापड लागलं.